अकराशे सत्ताविसावी पुडी

१

सकाळी नऊला जावई ऑफिसला गेला, लेक तिच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली, की शामकांत दिघे जेवणाचं टेबल कोरडं पुसून घेत. मग बुटांचं एक खोकं काढायचं, चष्मा बदलायचा आणि पुड्या नोंदवायला बसायचं. रोज तीस पुड्या, एकही कमी नाही. जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून पंचवीस वर्षं काढलेला माणूस. लॉगबुक भरल्याशिवाय पाळी संपत नाही, ही सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती.

पुड्या रत्नाच्या होत्या, त्यांच्या बायकोच्या. ती साताऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. सुटी लागली की कॅनव्हासचे बूट चढवून आंबोली, कोयना, महाबळेश्वर असं हिंडायची आणि दगडांवरचं, झाडांच्या सालीवरचं मॉस गोळा करायची. कुणी त्याला शेवाळ म्हटलं की तिला खपायचं नाही. "शेवाळावर पाय घसरतो," ती म्हणायची, "मॉसवर पाय ठेवायचाच नसतो." नखाएवढा तुकडा खरवडून घ्यायचा, त्याहून जास्त नाही. सावलीत वाळवायचा आणि कागदाची चौघडी पुडी करून तीत ठेवायचा. कागद हाताला लागेल तो: उत्तरपत्रिकेची पुरवणी, लग्नपत्रिका, कॅलेंडरचं पान. वर आकडा, लॅटिन नाव, आणि खाली मराठीत ठिकाण, तारीख आणि 'आधार'. आधार म्हणजे ते मॉस कशावर वाढलं होतं ते.

शामकांत २००६ पासून सिंगापूरच्या बंदरात किनाऱ्यावरच्या नोकरीत होते. निवृत्त झाल्यावर रत्ना इकडे येणार होती. पासपोर्ट काढून ठेवला होता. निवृत्तीला सात महिने उरले असताना, २०१२च्या नोव्हेंबरात, स्टाफरूममध्ये खुर्चीत बसल्या बसल्या ती गेली. पासपोर्टवर एकही शिक्का उमटला नाही.

आता २०१४ चा ऑगस्ट होता. शामकांत निवृत्त होऊन बिशानला, अश्लेषा आणि अनिमेषच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होते. रत्नाची खोकी बोटीने आली होती. इथल्या एका संग्रहालयाने ती घ्यायचं कबूल केलं होतं, फक्त यादी हवी होती. रत्नाच्या वहीत शेवटची नोंद होती ११२६, ठोसेघर.

त्या सोमवारी शामकांतांनी ११२६ टाइप केली, पाठ ताणली आणि रिकामं खोकं उलटं करून झटकलं. एक पुडी टेबलावर पडली.

'११२७. हायोफिला. सिंगापूर, बिशान. पार्कातल्या ओढ्याकाठचा दगड. आधार: ग्रॅनाइट. ३ ऑगस्ट २०१४.'

तीन ऑगस्ट म्हणजे कालचा रविवार.

२

अक्षर रत्नाचं होतं. 'बिशान'मधल्या श ची शेपटी तिने नेहमीसारखी लांब ओढली होती. कागद पिवळा होता. गणिताच्या ट्यूशनची जाहिरात, तशा दर आठवड्याला खालच्या पत्रपेटीत पडायच्या.

त्यांनी घडी उलगडली. आजवर उघडलेल्या हजारावर पुड्यांमध्ये चहाच्या चोथ्यासारखं वाळकं मॉस होतं. हे ओलं होतं, आणि नुकत्याच धुतलेल्या फरशीसारखा त्याला वास होता.

अश्लेषा पाणी प्यायला बाहेर आली. तिला आठवा महिना नुकताच लागला होता. एक हात कमरेवर ठेवून ती टेबलाशी थांबली.

"ही तू आणलीस का?" शामकांतांनी विचारलं.

"मी? बाबा, लिफ्टपर्यंत जाताना दम लागतो मला." तिने पुडी हातात घेतली. "आईचं अक्षर आहे."

"तारीख बघ."

तिने बघितली. मग खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "बाबा, रागावू नका. तुम्ही दोन महिने रोज तिचं अक्षर वाचताय. काल फिरायलाही गेला होतात पार्कात. हाताने लिहिलं असेल आणि लक्षात राहिलं नसेल. होतं असं."

होतं असं. इंजिनातला बिघाड शोधताना आधी माणसाची चूक तपासायची असते, हे शामकांतांना ठाऊक होतं. त्यांनी कोरा कागद घेतला आणि 'बिशान' लिहून पाहिलं. दहा वेळा लिहिलं. त्यांची श ची शेपटी आखूडच येत होती.

संध्याकाळी ते पार्कात गेले. ओढ्याकाठी मुलं पाण्यात पाय सोडून बसली होती. तिसऱ्याच दगडावर, उत्तरेच्या अंगाला, हिरव्या मखमलीत एक नखाएवढा चौकोन स्वच्छ खरवडलेला होता. चारही कडा सरळ. त्या चौकोनावर बोट ठेवून ते उकिडवे बसून राहिले. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की लग्नाच्या बत्तीस वर्षांत रत्नासोबत असं एकदाही बसलो नाही. ती बोलवायची. ते सुटीवर असायचे, आणि सुटीत त्यांना झोपायचं असायचं.

३

त्यांनी खोक्याला चिकटपट्टी लावली, पट्टीवर सही केली आणि आतल्या पुड्यांची संख्या डायरीत लिहिली. नऊ दिवस काही झालं नाही. दहाव्या दिवशी पट्टी होती तशी होती, सही होती तशी होती, आणि आत एक पुडी जास्त होती.

'११२८. हायोफिला. ब्लॉकखालचा मोकळा मजला, जिन्याकडचा खांब. आधार: सिमेंट.'

कागद होता अश्लेषाच्या सोनोग्राफीच्या अपॉइंटमेंटची चिठ्ठी. ती फ्रिजवर चुंबकाखाली असायची. चुंबक जागेवर होतं. शामकांत खाली गेले. खांबाच्या बुडाशी, साफसफाईवाल्यांच्या नजरेतून सुटलेल्या हिरव्या रेघेत, नखाएवढा चौकोन.

११२९ आली ऑगस्ट संपता संपता. 'हायोफिला. नववा मजला, व्हरांडा. डाव्या हाताची तिसरी कुंडी. आधार: भाजलेली माती.' कागद त्यांच्याच डायरीचा होता, आणि मागच्या बाजूला त्यांच्याच अक्षरात पुड्यांची संख्या होती.

डाव्या हाताची तिसरी कुंडी त्यांच्या दारासमोर होती.

त्या दुपारी चारला जोराचा पाऊस आला. अश्लेषा आत पडली होती. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर चढतंय म्हणून विश्रांती सांगितली होती आणि मोजायचं यंत्र घरी आणायला लावलं होतं. शामकांत स्वयंपाकघरात तिच्यासाठी नाचणीचं सत्त्व ढवळत होते. पावसाच्या आवाजात दुसरा एक आवाज आला. बाळासाठी केलेल्या छोट्या खोलीतून. कागदाच्या घडीवरून नख ओढल्याचा आवाज. एक लांब, मग एक आखूड, मग पुन्हा लांब.

हा आवाज त्यांनी वर्षानुवर्षं ऐकला होता. सुटीवर घरी आले की रत्ना पलंगाच्या कडेला बसून पुड्या करायची आणि ते पडल्या पडल्या तो ऐकत झोपी जायचे.

त्यांनी गॅस बंद केला. दारापर्यंत गेले. आवाज थांबला, अगदी एखादं माणूस मान वर करून थांबावं तसा. आत पाळणा होता, दुमडलेली दुपटी होती, खिडकीवर पाणी वाहत होतं. बाकी कुणी नव्हतं. शामकांतांना भीती वाटली, पण तिच्याहून जास्त वाईट वाटलं ते याचं, की आपल्या पावलांमुळे आवाज थांबला.

४

"येऊ दे ना," अश्लेषा म्हणाली.

आता तिला पुड्यांचं सगळं माहीत झालं होतं. अनिमेषला सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. तो बिचारा आधीच डॉक्टर आणि ऑफिस यांच्यामध्ये पिचलेला.

"खरं मानतेस तू?"

"माहीत नाही. पण बघा ना, पुंगोलच्या उल्काची आई आली. समोरच्या ब्लॉकमधल्या रूपेशच्या बायकोची आई आली, मेथीचे लाडू घेऊन. सगळ्यांच्या आया येतात बाळंतपणाला. माझी पार्कापासून दारापर्यंत आली असेल, तर मी काय नको म्हणू?" तिने सुजलेली पावलं उशीवर ठेवली. "तिला सवडीनेच यायची सवय. घाई कधी केली तिने?"

शामकांत हसले, पण आत काहीतरी रुतलं होतं. ते लेकीला सांगण्यासारखं नव्हतं.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. अश्लेषा तेव्हा चार महिन्यांची होती. रत्नाने त्यांच्या हातात पितळी भिंग दिलं होतं आणि मॉसचा तुकडा पुढे धरला होता. हिरव्या गादीतून केसासारखे देठ वर आले होते, प्रत्येकाच्या टोकाला इवलंसं बोंड. "ही गादी म्हणजे आई," ती म्हणाली होती. "आणि हा देठ तिचं मूल. ते तिच्या डोक्यावरच उभं राहतं, तिच्याच अंगातलं पाणी पितं. कधी सुटं होत नाही. बीजाणू उडून गेले की मूल वाळून जातं. आई राहते."

"आणि नेच्यांचं?" शामकांतांनी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं होतं.

"नेच्यांचं उलटं. नेच्याचा बीजाणू रुजला की आधी नखाहून लहान, बदामाच्या आकाराची हिरवी पापडी होते. ती आई. पाण्याचा थेंब मिळाला की तिच्या पोटी नेचा धरतो. तो मुळं धरतो, पानं काढतो आणि ती बदामाची पापडी त्याच्या पायाशी कुजून जाते. एवढा मोठा नेचा लोक बघतात, ती कुणाला माहीतही नसते." मग मांडीवरच्या पोरीला थोपटत म्हणाली, "म्हणून मी नेचे गोळा करत नाही."

एकीकडे मूल जातं, एकीकडे आई. आणि रत्ना पायरी पायरीने जवळ येत होती, दर वेळी नखाएवढं काहीतरी खरवडून नेत होती. ती लेकीकडे येत होती हे शामकांतांना कळत होतं. ती काय न्यायला येत होती, ते कळत नव्हतं. जिवंतपणी तिने मुंगीलाही दुखावलं नव्हतं. पण मेल्यावर माणसाच्या मनात काय उरतं, याची कुठे नोंद नसते.

५

नऊ सप्टेंबर, मंगळवार. अनिमेष साडेआठलाच गेला होता. सव्वानऊला शामकांत दुपटी उन्हात टाकायला छोट्या खोलीत गेले. पाळण्यातल्या नव्या चादरीवर, बरोब्बर मध्यभागी, पुडी होती.

'११३०. बाळाची खोली. ९ सप्टेंबर २०१४. आधार:' आणि पुढे मोकळी जागा.

लॅटिन नावही नव्हतं. कागद पांढरा होता, ब्लडप्रेशरच्या नोंदींच्या तक्त्याचा. आजच्या तारखेसमोरचा रकाना कोरा होता. अश्लेषा अजून झोपली होती.

त्यांनी घडी उलगडली. आत मॉस नव्हतं. एकच गोष्ट होती. बदामाच्या आकाराची, हिरवी, इतकी पातळ की कागदावरची छापील रेघ तिच्यातून दिसत होती. कडा तपकिरी पडायला लागल्या होत्या.

शामकांत पाळण्याचा कठडा धरून खाली बसले. पुडी त्यांनी मिटली नाही, तशीच उघडी हातात धरली.

"रत्ना," ते म्हणाले. आवाज हळू होता, पलंगावर शेजारी झोपलेल्याशी बोलावं तसा. "तू नेचे गोळा करत नाहीस. मला माहीत आहे. हे मला का दाखवतेस?"

खोलीत ओल्या फरशीचा वास होता. फरशी कोरडी होती.

"लेक आणि तिचं बाळ, मला दोघं हवीत. ऐकतेस ना? तुझ्या दुखण्याखुपण्यात मी नव्हतो, पोरीच्या जन्माला नव्हतो, तुझ्या शेवटच्या दिवशीही नव्हतो. मी कधी काही मागितलं नाही, कारण मागायला तोंडच नव्हतं. आज मागतो. काही न्यायचंच असेल, तर मी आहे. माझा आधार कुठला लिहायचा तो लिही."

हातातल्या कागदावरचा तो कोरा रकाना त्यांच्या नजरेत भरला. आजची तारीख. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्यांच्या डोक्यातला इंजिनिअर जागा झाला. मोजलेलं नाही. आज अजून मोजलेलंच नाही.

ते धावले. अश्लेषा जागी होती, भिंतीकडे तोंड करून. "बाबा, डोकं फार दुखतंय," ती म्हणाली. "डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखे होतायत. झोपले तर बरं वाटेल म्हणून तुम्हाला हाक नाही मारली."

दंडाला पट्टा बांधला. आकडे चढत गेले आणि थांबले: एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे बारा.

त्यांनी तक्त्यात ते लिहिले नाहीत. अँब्युलन्सला फोन केला, मग अनिमेषला, आणि अश्लेषाचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या कपाळावर हात ठेवून बसले. ती एकदा म्हणाली, "आई आली का?" शामकांत म्हणाले, "आली आहे. तू बोलू नकोस."

६

मुलगी त्याच दुपारी बाराला झाली. पोट कापून, दिवसांच्या आधी, दोन किलोला थोडी कमी. दोघी वाचल्या. डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली करून शामकांतांना विचारलं, "झटके यायच्या बेतात होती ती. घरी आणखी थोडा वेळ ठेवली असती तर आम्हाला काही करता आलं नसतं. तुमच्या कसं लक्षात आलं?"

"तक्ता भरायचा राहिला होता," शामकांत म्हणाले.

दुपारी अनिमेषला तिथे बसवून ते अश्लेषाचे कपडे आणायला घरी निघाले. पाऊस लागला होता. नवव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं. उघड्या व्हरांड्यात तिरप्या सरी येत होत्या, आणि डाव्या हाताच्या तिसऱ्या कुंडीशी एक बाई उकिडवी बसली होती.

पाठमोरी. साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. उजवा हात डोळ्याशी धरलेला, कोपर अंगाशी दाबून, भिंगातून बघताना दाबतात तसा. बूट आणि फरशी यांच्यामधली रेघ दिसत नव्हती. टाचेचा हिरवा रंग फरशीच्या हिरव्या ओलीत तसाच उतरत गेला होता, जणू ती येऊन बसली नव्हती, तिथेच रुजली होती. मानेवरचे बारीक केस पावसात चिकटले नव्हते. ते सरळ उभे होते, आणि प्रत्येकाच्या टोकाला एक थेंब होता.

शामकांतांनी हाक मारली नाही. गेल्या वेळी पावलांनी आवाज थांबला होता. ते जागीच उभे राहिले, हातात किल्ली घेऊन.

ती वळली नाही. तिने फक्त थोडं सरकून आपल्या शेजारी जागा केली. एका माणसापुरती.

काय मागितलं होतं आणि काय देऊ केलं होतं, ते शामकांतांना शब्दन्‌शब्द आठवत होतं. त्यांचा पाय उचललाही गेला. शरीराला ती जागा ओळखीची वाटत होती, दमून आल्यावर पलंगाची आपली बाजू वाटावी तशी. भीती कुठे होती ते त्यांना शोधावं लागलं. ती होती, पोटात खोल, पण तिच्यावर इतकी ओढ साचली होती की हाताला लागेना.

"रत्ना," ते म्हणाले, "येतो मी. फिरवणार नाही शब्द. पण आज नको. बाळाला अंघोळ कशी घालतात ते मला येत नाही, अश्लेषाला तर उठताच यायचं नाही. तू नाहीस, तर शिकायला हवं कुणीतरी."

पावसाचे थेंब त्यांच्या चष्म्यावर आले. भिंगाची घडी मिटल्याचा टक असा आवाज झाला. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला. व्हरांड्यात कुंड्या होत्या आणि पाऊस होता. तिसऱ्या कुंडीच्या काठावर, पाणी न लागलेली एक पुडी होती.

'११३१. शामकांत दिघे. सिंगापूर. आधार:' इथे पहिल्यांदाच एक शब्द खोडून दुसरा लिहिला होता. खोडलेला वाचता येत नव्हता. त्यापुढे लिहिलं होतं, 'नात.' तारखेची जागा रिकामी होती. पुडीही रिकामी होती.

ती त्यांनी सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवली, कपडे पिशवीत भरले आणि खाली उतरले.

इस्पितळात अश्लेषा जागी झाली होती. ओठ सुकलेले, पण डोळे स्वच्छ. "उशीर केलात," ती म्हणाली.

"पाऊस होता."

नर्सने काचेच्या पेटीतून बाळाला थोड्या वेळासाठी बाहेर काढलं आणि शामकांतांना खुर्चीत नीट टेकून बसायला सांगितलं. "मानेखाली हात, अंकल. असा. घाबरू नका." त्यांनी हात तसा धरला. वजन काहीच नव्हतं. नर्सने बाळ त्यांच्या डाव्या छातीवर टेकवलं. पुडीचा कागद मधे चुरचुरला.

शामकांतांनी श्वास रोखला आणि फार सावकाश, एका हाताने मान सांभाळत, नातीला उजव्या खांद्यावर घेतलं.